प्रेमाने वागलं की डोक्यावर बसतात, कडक वागलं की गातच नाहीत

मी समुपदेशक. शाळेत समूहगान घेणारे शिक्षक माझ्याकडे आले की थोड्याफार फरकाने वरचं वाक्य बोलतातच. इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. खाली आलेली शिक्षिका कुणी एक नाही, दोन-तीन जणींचं मिळून केलंय, आणि बऱ्याच भेटींमधलं थोडंच इथे घेतलंय.

तिची मुलं 12 ते 14 वयाची, कार्यक्रम तोंडावर आलेला. मागच्या रांगेतला एकजण सतत खिदळायचा, दुसऱ्यांना हसवायचा आणि मध्येच भलत्याच सुरात ओरडायचा. पहिली भेट जवळजवळ सगळी त्याच्यावरच गेली.

"मी त्याला आवडतच नाही मॅडम. समजावलं, चॉकलेटं दिली, शेवटी सांगितलं, कार्यक्रमात नुसते ओठ हलव."

"मग?"

"मग गप्प झाला. पण आता माझ्याकडे बघतही नाही."

मी सहज विचारलं, गेल्या वर्षी कसा गायचा? ती बोलता बोलता थांबली. "गेल्या वर्षी... सगळ्यात वरचा सूर तोच लावायचा."

आता आवाज फुटणं म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नव्हती. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, मुलग्यांचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो, आणि तोही एका रात्रीत नाही, कित्येक महिने आज लागलेला सूर उद्या लागत नाही. मुलींचाही थोडा बदलतो, फक्त तो पटकन कानावर येत नाही. हे सगळं तिला पाठ होतं, पण वर्गात उभं राहिल्यावर तिला त्याच्या फक्त खोड्या दिसत होत्या. गणितात चूक वहीत राहते, पेटीवर चुकलं तर बोट चुकलं म्हणता येतं, गाण्यात मात्र वाद्य म्हणजे ते मूलच, त्यामुळे तुझा आवाज नको म्हटलं की त्याला ऐकू येतं तू नको. ज्या पोराचं वरच्या सुरासाठी कौतुक व्हायचं त्याचा तोच सूर गेला, मग निदान हसवणारा म्हणून तरी वर्गात जागा राहावी एवढीच त्याची धडपड.

पुढच्या भेटीत ती जरा चिडूनच आली. "म्हणजे आता बेसूर चालवून घेऊ का?"

अजिबात नाही म्हटलं. सूर दुरुस्त करायचाच. पण एखादा मुलगा तुमच्या सुरावर येऊच शकत नसेल तर तुम्ही काय करता? ती म्हणाली, त्याला जो सूर सहज येतो तो धरायला सांगायचा, आपण तिथे जाऊन मिसळायचं, मग हळूहळू वर न्यायचं. आणि मग स्वतःच म्हणाली, "मी त्याला कितीदा माझ्या सुरावर बोलावलं, त्याच्याकडे एकदाही गेले नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेची. त्याने 1957 मध्ये थेरपीबद्दल मांडलं की माणूस बदलायला समोरच्याने त्याला अटी न घालता स्वीकारावं लागतं, त्याच्या बाजूने समजून घ्यावं लागतं आणि स्वतः खोटं वागून चालत नाही. पुढे शिक्षणाबद्दलही तो साधारण हेच म्हणत राहिला. शिक्षक नेमकं ते खोटं न वागण्याचं विसरतात. आतून चिडलेलं असताना वरून गोड बोलणं, चॉकलेट देणं, हे मुलं बरोबर ओळखतात आणि डोक्यावर बसतात ती याच गोडव्यावर. त्यापेक्षा मला आत्ता राग आलाय, दोन मिनिटं थांबू, हे सरळ सांगितलेलं त्यांना झेपतं.

तिने त्याला वर्गानंतर थांबवलं आणि नुसते ओठ हलव म्हटलं होतं ते मागे घेतलं. आवाज तपासला, पाच-सहा सूरच आरामात लागत होते, तर तेवढ्यात बसेल असा खालचा भाग त्याला लिहून दिला. तो गायला. गप्पा अजूनही मारतो, त्याबद्दल तिने त्याची जागाही बदलली, आणि ते त्याने मुकाट ऐकलं.

बाकीच्या शिक्षकांनाही थोडं सांगते. कोण चुकतंय हे शोधायला सगळ्यांसमोर एकेकट्याला गायला लावू नका. आवाज दोघा-तिघांचे मिळून किंवा एकट्याचा असेल तर दार उघडं ठेवून तपासा आणि दर काही महिन्यांनी परत तपासा, कारण या वयात ते सरकतात. जन्मतःच सूर न कळणारी माणसं असतात पण फार थोडी, बाकीच्यांना ऐकलेलं गळ्यात उतरवायला वेळ लागतो, अशा मुलाला पक्क्या सुराच्या मुलाशेजारी उभं करा. आज गायचं नाही म्हणणाऱ्याला बसून ऐकू द्या, पण वर्गातच.

आणि हो, असं वागायला लागलात की काही मुलं घरातलंही सांगू लागतील. तेव्हा "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मारहाण किंवा त्याहून वाईट काही कळलं तर शाळेत ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोचवा, आणि पोचवणार आहात हे मुलाला आधी सांगा.