सिझरची तारीख ठरली असेल तर

अगं, घाबरू नकोस. दुसरी अडचण नसेल तर डॉक्टर साधारण ३९ व्या आठवड्यातली तारीख देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं नीट तयार होतात. साधारण ६ तास आधी जेवण बंद करायला सांगतात. पाण्याचं भूलतज्ज्ञांना विचार. घरी वस्तरा फिरवू नकोस, बारीक जखमांतून जंतू शिरतात.

नंतर सगळ्यात मोलाचं म्हणजे लवकर चालणं. लघवीची नळी काढली की कुणाचा तरी हात धरून ऊठच, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. उठताना आधी कुशीवर वळ. खोकला आला तर टाक्यांवर उशी दाबून धर. बादली, सिलिंडर सहा आठवडे दुसऱ्यांनी उचलायचं, यात भीड नको.

नाशिकची डिसेंबरातली थंडी म्हणून घरचे शेगडी आणतील. बंद खोलीत कोळसा अजिबात नको! कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूने तुझ्या आणि बाळाच्या जिवाला धोका आहे. स्वेटर, टोपी, गोधडी पुरे. डिंकाचे लाडू खा, पण पाणी भरपूर पी, नाहीतर बद्धकोष्ठता होऊन टाके दुखतात.

ताप, टाक्यांतून पू, जास्त रक्तस्राव किंवा एकाच पोटरीला सूज दिसली, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठ.