गणिताची शिक्षिका व्हायचंय, मग हा एप्सिलॉन-डेल्टा कशाला?

जानेवारीतल्या एका शनिवारी ती एकटीच आली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, मेजर विषय गणित. बारावीला गणितात 100 पैकी 94 आणि आता तिसऱ्या सेमिस्टरला रिअल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या एप्सिलॉन-डेल्टा पद्धतीच्या काटेकोर व्याख्या आणि सिद्धतांच्या विषयात, नापास. खुर्चीवर नीट बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, एवढंच सांगा, हे सोडून डी.एल.एड.ला, प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला, जाऊ का? मला शाळेत शिकवायचंय. नववी-दहावीच्या मुलांना एप्सिलॉन-डेल्टा कोण विचारणार आहे?”

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं, त्यामुळे तो ऐकला की जीव तुटतो. गणिताची खरी आवड असलेली मुलं नेमक्या याच टप्प्यावर गळतात. तिची परवानगी घेऊन, पण तिची ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे.

आधी तिला विचारलं, “तुला शिकवायचंय कुठल्या वर्गाला?”

“शाळेत,” ती म्हणाली.

“शाळेत म्हणजे? चौथीला, सातवीला, दहावीला?”

ती थांबली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. सल्ले मात्र भरपूर मिळाले होते. वडील म्हणत, “बी.एड. झालं की पहिली ते बारावी कुठेही शिकवता येतं.” मावशी म्हणे, आता बी.एड. बंदच होणार, चार वर्षांच्या कोर्सलाच किंमत राहणार. एका मैत्रिणीने तर बी.एस्सी. अर्धवट सोडून त्या चार वर्षांच्या कोर्सची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवली होती. हे सगळे आपापल्या परीने काळजीपोटीच बोलत होते, पण प्रत्येकाच्या बोलण्यात अर्धीच माहिती होती.

मी कोरा कागद घेतला. शिक्षक व्हायचं म्हटलं की दार एक नाही. इयत्तेनुसार वेगवेगळी दारं आहेत, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं डी.एल.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर. इथे बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. वडिलांचं “पहिलीपासून” तिथेच गळून पडलं. सहावी ते आठवीला पदवी, तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. त्यात 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाचे. नववी-दहावीला त्या विषयातली पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला एम.एस्सी. आणि बी.एड. पदवी कॉलेजात शिकवायचं तर बी.एड. लागतच नाही. तिथे एम.एस्सी.ला किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा लागते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या भरतीसाठी वरून आणखी अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आहेच, पण तो नंतरचा टप्पा.

कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, बोट ठेव. तिने क्षणभरही न घेता नववी-दहावीवर ठेवलं. “बीजगणित-भूमिती शिकवायचीय मला. आमच्या शाळेत भूमितीचे सिद्धता लिहायचे प्रश्न सर ऑप्शनला टाकायला सांगायचे. मला ते नाही करायचं.”

मग डी.एल.एड.ला जाऊन काय होणार होतं? नेमकं जे दार तिला हवं होतं ते बंद राहिलं असतं. बी.एस्सी. सोडली असती तर सहावी ते आठवीचंही.

मावशीच्या भीतीत मात्र तथ्याचा एक धागा आहे, म्हणून तो नीट सोडवून दाखवावा लागला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की 2030 पर्यंत शिक्षकासाठीची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल. बातमी इथेच संपते. पण धोरणात त्याच ठिकाणी पुढे असंही म्हटलंय की तीन वर्षांची पदवी आधीच घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचं बी.एड. आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. असू शकेल. म्हणजे पदवी घेऊन मागाहून बी.एड.ला येणाऱ्यांची वाट धोरणाने बुजवलेली नाही.

आणि मैत्रिणीचा मार्ग? आयटीईपी म्हणतात तो हा कोर्स. बारावीनंतर एनसीईटी नावाची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची आणि चार वर्षांत विषयाची पदवी व बी.एड. एकत्र मिळवायचं. ज्यांचं शिक्षक होण्याचं बारावीतच पक्कं ठरलंय, त्यांना मी तो आवर्जून सुचवते, कारण तीन अधिक दोन अशा पाचऐवजी चार वर्षं लागतात. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत महाराष्ट्र-गोव्याची मुलं अशा एकात्मिक पदवीसाठी आयटीईपी येण्याच्या कितीतरी आधीपासून जात आली आहेत. पण हिची दीड वर्षं संपली होती. आता पहिल्यापासून सुरुवात केली तर दीड अधिक चार, म्हणजे साडेपाच. आहे तिथेच राहून बी.एड. केलं तर पाच. तिने हे गणित स्वतः मांडलं आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली.

इथवर सगळा नियमांचा भाग झाला. तो कुणीही सांगू शकेल. तिला आत जे टोचत होतं ते वेगळंच होतं, आणि ते दुसऱ्या भेटीत बाहेर आलं.

ती शेजारच्या सातवीतल्या मुलाची शिकवणी घेते. त्याने विचारलं होतं, “ताई, ऋण गुणिले ऋण धन का?” तिने उत्तर दिलं, “नियम आहे तसा.” मुलगा गप्प बसला. मला हे सांगताना तिचे डोळे भरले. “मॅडम, आमच्या सरांनीही मला हेच सांगितलं होतं.”

मी तिला वही उघडायला लावली. ऋण एक गुणिले शून्य किती? शून्य. त्या शून्याच्या जागी 1 + (−1) लिही. आता वितरण गुणधर्माने कंस सोडव. तिने लिहिलं: (−1) × 1 + (−1) × (−1) = 0. पहिलं पद −1. म्हणजे −1 मध्ये ती दुसरी वस्तू मिळवली की शून्य येतंय. −1 मध्ये काय मिळवलं की शून्य येतं? फक्त 1. तिने पेन खाली ठेवलं. “हे तर आमच्या अल्जेब्राच्या पहिल्या दहा पानांत आहे! मी पाठ केलं होतं परीक्षेसाठी.”

सातवीतल्या मुलाच्या “का”चं उत्तर पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं, ते असं. शून्याने भागत का नाहीत, वर्गमूळ दोन अपरिमेय कशावरून, 0.999... आणि 1 एकच कसे, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना उलटं का करतात, हे प्रश्न शाळेतली मुलं विचारतात आणि त्यांची उत्तरं पदवीच्या अल्जेब्रातल्या ग्रुप, रिंग या भागांत आणि ॲनालिसिसमध्ये असतात. शिक्षकाने ती तशीच्या तशी वर्गात सांगायची नसतात. पण स्वतःला कळलेली असली की मुलाला शोभेल असं उत्तर देता येतं आणि “नियम आहे तसा” असं म्हणायची वेळ येत नाही. गणित शिकवण्यासाठी गणिताची पदवी मागतात ती याचसाठी, असं मी अगदी मनापासून मानते.

मग ॲनालिसिसमध्ये ती अडली कुठे? मी तिला सातत्याची व्याख्या म्हणायला सांगितली. तिने इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. म्हटलं, आता मराठीत सांग. एक शब्द फुटेना. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सगळं इंग्रजीत. तोवर गणितात आकडे आणि सूत्रं होती, म्हणून भाषा आड आली नव्हती. बी.एस्सी.ला गणित वाक्यांत आलं आणि ती वाक्यं पाठ करू लागली. ॲनालिसिसमध्ये अडखळणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बुद्धी कमी पडत नसते. वाक्य आत उतरलेलं नसतं.

आम्ही दोघींनी ते वाक्य मराठीत आणलं. “तू हवा तेवढा बारीक एप्सिलॉन दे, त्याला पुरेल असा डेल्टा मी काढून देते.” एप्सिलॉन म्हणजे फलनाच्या किमतीत चालेल तेवढा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचं ते. समोरच्याने मागायचं, आपण पुरवायचं. मग सातत्य आणि एकसमान सातत्य यांतला फरक, जिथे तिचे सगळे गुण गेले होते. मी म्हटलं, बिंदू म्हणजे कुलूप आणि डेल्टा म्हणजे किल्ली समज, आणि ही दोन वाक्यं बघ: प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे. एक अशी किल्ली आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते. दोन्हींत तेच शब्द, फक्त क्रम बदललाय. ती बराच वेळ बघत राहिली. “म्हणजे एकसमानमध्ये डेल्टा आधी ठरवायचा, बिंदू नंतर येणार?” हो, तेवढंच.

आणखी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं. त्याला काटेकोर व्याख्यांचा पाया मिळायला 1821 मध्ये कोशीचा ग्रंथ यावा लागला, आणि आज आपण शिकतो ते एप्सिलॉन-डेल्टाचं रूप वायरश्ट्रासने त्याच्याही नंतर पक्कं केलं. मोठमोठ्या गणितज्ञांना जे जमायला दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला, ते एका सेमिस्टरमध्ये गळी उतरलं नाही म्हणून स्वतःला ढ ठरवायचं?

तिसऱ्या भेटीला वडील सोबत होते. त्यांची काळजी साधी होती: मार्कशीटवर एटीकेटी दिसली तर बी.एड.ला घेतील का? बी.एड.च्या प्रवेशाला पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. एखादा विषय दुसऱ्यांदा सुटला म्हणून दार बंद होत नाही. पण पदवीच्या एकूण टक्क्यांवर लक्ष हवं, कारण पुढे एम.एस्सी. करून अकरावी-बारावीला शिकवावंसं वाटलं तर तिथेही टक्के बघतात. मायनर विषय तिने भौतिकशास्त्र घेतला होता, तो सोडू नकोस म्हटलं. शाळेत गणित आणि विज्ञान बहुतेक वेळा एकाच शिक्षकाकडे असतात आणि टीईटीचा पेपरही जोडीनेच असतो.

वडिलांनी जाता जाता विचारलं, “मॅथ्स करून फक्त मास्तरकीच का?” तसं नाही, संख्याशास्त्र, डेटा, विमा, बँका, संशोधन, बरंच काही आहे. पण त्यांच्या मुलीला मास्तरकीच हवी आहे, आणि ती कमीपणाची गोष्ट नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण उठताना त्यांनी तो इयत्तांचा कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

जे अजून अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. अकरावीला जीवशास्त्रासाठी गणित सोडलं, तर बहुतेक विद्यापीठांत पुढे बी.एस्सी.ला गणित मेजर घेता येत नाही. हे कळून रडणारी मुलंही माझ्याकडे येतात आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. ज्यांना गणितच हवंय त्यांनी बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ. आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेचे अर्ज बारावीतच भरावेत, त्यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात. आणि पदवीला गणित घेतलेल्यांनी एमटीटीएस हे गणित प्रशिक्षणाचं उन्हाळी शिबिर चुकवू नये. प्राध्यापक कुमारेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या या शिबिरात चार आठवडे पाठांतर बाजूला ठेवून विचार करायला शिकवतात.

ती मे महिन्यात पुन्हा ॲनालिसिसच्या पेपरला बसली. 61 गुण पडले. शिकवणीच्या मुलाला तिने ऋण गुणिले ऋण समजावलं, तेव्हा कंस वापरला नाही. ऋण चारपासून शून्यापर्यंत एकेक पायरीने येणारा तक्ता मांडला आणि पुढची ओळ त्यालाच भरायला लावली. ही युक्ती मी सांगितलेली नव्हती.

चौथ्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचं बी.एड. करायचं, की ऑनर्सचं चौथं वर्ष करून एक वर्षाच्या बी.एड.चा विचार करायचा? वर्षं दोन्हीकडे पाचच. पण दुसरी वाट धरायची तर त्या वर्षी जवळचं कुठलं कॉलेज एक वर्षाचा मान्यताप्राप्त कोर्स प्रत्यक्ष चालवतंय हे आधी तपासावं लागेल, आणि चौथ्या वर्षी खोलीभाड्याचा व मेसचा खर्च वडिलांना झेपेल का, हेही. पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला की दोघांनीही यायचं, असं ठरलंय.