मॅच म्हणजे सामना आणि मॅच म्हणजे काडीही, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी आठवीत, सेमी-इंग्लिशला. ती विचारते की मॅच म्हणजे सामना आणि काडीपेटीतली काडीही, बॅट म्हणजे खेळायची बॅट आणि वटवाघूळही. एकाच शब्दाला असे कुठेच न जुळणारे अर्थ कसे आले, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

प्रश्नातला ‘एकाच शब्दाला’ हा भाग आधी बाजूला काढा. हे बहुतेक वेळा दोन स्वतंत्र शब्द असतात, स्पेलिंग तेवढं एक. बावड्याचे पाटील आणि वडणग्याचे पाटील, आडनाव एक पण भावकी वेगळी, तसं.

मॅचच घ्या. सामन्याचा मॅच हा मूळचा इंग्रजी. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण ‘येमॅच्चा’ असा होता आणि अर्थ होता जोडीदार, बरोबरीचा. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानात कुस्ती लावताना ‘जोड’ तोलामोलाची आहे का बघतात ना, अगदी तोच अर्थ. बरोबरीचा गडी, मग बरोबरीच्यांची लढत, मग कुठलाही सामना. शर्टाला पँट मॅच होते किंवा लग्नाची मॅच चांगली आहे म्हणतात, ते याच घरातले. काडीचा मॅच मात्र फ्रेंचांकडून आला. फ्रेंचमध्ये आजही ‘मेश’ म्हणजे वात. इंग्रजीत तो आधी दिव्याची वात, मग तोफेला बत्ती द्यायची वात या अर्थाने वापरला गेला. १८२७ मध्ये जॉन वॉकर या इंग्लिश औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या आणि पुढे ते नाव काडीला चिकटलं. म्हणजे एक शब्द जोडीचा, दुसरा वातीचा. वाटेत पहिल्याच्या पुढचा ‘ये’ गळला, दोघांचेही शेवटचे स्वर गळले, आणि उरलं ते सारखंच.

बॅटचंही तसंच. फळीची बॅट जुन्या इंग्रजीतल्या दांडक्यावरून आली. वटवाघळाला आधी ‘बॅके’सारखं नाव होतं, उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांमधून आलेलं. सोळाव्या शतकात त्यातल्या ‘क’चा ‘ट’ झाला आणि ते या दांडक्याला येऊन भिडलं.

इंग्रजीत हे इतकं का घडलं? एक तर शब्द आले चार दिशांनी. खालचा थर जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या भावकीतल्या भाषांचा. त्यावर नवव्या शतकापासून इंग्लंडात वस्ती केलेल्या व्हायकिंगांची, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दींची, नॉर्स भाषा. मग १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने राज्य घेतल्यावर फ्रेंच, आणि पुढे पंडितांनी आणलेली लॅटिन-ग्रीक. त्यात जुन्या इंग्रजीतले विभक्तीचे प्रत्यय आणि शेवटचे स्वर पुढच्या चारेकशे वर्षांत झडून गेले. दोन-तीन अक्षरांचे शब्द एका अक्षरावर आले, आणि शब्द जेवढा तोकडा तेवढी टक्कर व्हायची शक्यता जास्त. बार्क बघा: झाडाची साल नॉर्समधून, कुत्र्याचं भुंकणं जुन्या इंग्रजीतून, आणि त्याच उच्चाराचं शिडाचं जहाज फ्रेंचमधून. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली. टक्कर झालेले शब्द तसेच छापले जाऊ लागले.

यात इंग्रजीचं खास असं काही नाही, हे मुलीला जरूर सांगा. संस्कृत ‘नामन्’ झिजून आपलं नाव झालं आणि ‘नौ’पासून पंचगंगेतली नाव. झाडाचं पान ‘पर्ण’पासून, मद्यपानातलं पान ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून. समईची वात ‘वर्ति’पासून, गुडघ्यातला वात वायूचा. आपण अडखळत नाही, कारण वाक्य सगळं सांगतं.

आता दुसरा प्रकार, जिथे शब्द खरोखर एकच असतो आणि अर्थ फुटत जातात. यासाठी कोल्हापुरासारखं गाव नाही. तालीम हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. त्यातून नाटकाची तालीम, कुस्तीचा सराव, सराव होतो ती लाल मातीची इमारत, मग त्या इमारतीभोवती जमलेलं पेठेतलं मंडळ. आणि आज तालीम मंडळं फुटबॉल खेळतात! बाहेरगावच्या माणसाला शिक्षण आणि फुटबॉल संघ यांचा संबंध लागणार नाही, पण मधली एकही पायरी तुटलेली नाही. इंग्रजीतला क्रेन तसाच: लांब मानेचा क्रौंच पक्षी आणि त्याच्यासारखी मान काढणारं यंत्र. प्युपिल म्हणजे विद्यार्थी आणि डोळ्याची बाहुली, हेही एकाच कुळातले. लॅटिनमध्ये मूळ शब्द लहान मुलगा-मुलगी आणि बाहुली यांचा. समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलं प्रतिबिंब दिसतं, म्हणून ती बाहुली. मराठीनेही तेच नाव ठेवलं आहे.

बँक हे उदाहरण सगळेच देतात, पण ते जरा फसवं आहे. नदीचा काठ नॉर्सकडून आला. पैशाची बँक इटालियन ‘बांका’वरून, म्हणजे सराफाचं बाक, फ्रेंचमार्गे. पण इटालियनांनी तो शब्द मुळात जर्मानिक भाषेतूनच उचलला होता, त्यामुळे खूप मागे गेलं की दोन्ही एकाच मुळाशी पोचतात. तरी कोश त्यांना वेगळे धरतात, कारण इंग्रजीत ते वेगवेगळ्या दारांनी आले.

ओळखायचं कसं? ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडा. शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २, ३ असे आकडे असून नोंदी सुट्या असतील, तर शब्द वेगळे. एकाच नोंदीच्या पोटात क्रमांक असतील, तर एका शब्दाचे अर्थ. इथे एक खड्डा आहे: शिकणाऱ्यांसाठीचे काही कोश नाम आणि क्रियापद सुटं करण्यासाठीही हेच आकडे वापरतात. म्हणून नोंदीच्या शेवटी व्युत्पत्ती दिली आहे का ते बघा. ती नसेल तर त्या आकड्यावरून काही ठरवू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्या तर वाचूही नका, जुळणारी गोष्ट रचणं फार सोपं असतं.

पाठांतराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ‘फेअर = जत्रा, गोरा, न्याय्य’ अशी वहीत यादी करू नका. यादीत सगळे अर्थ एका वजनाचे दिसतात आणि परीक्षेत भलताच उचलला जातो. फेअरचे आधी दोन ढीग करा. जोतिबाच्या यात्रेला इंग्रजी बातमीत फेअर लिहितात, तो सुट्टीच्या दिवसाला असलेल्या लॅटिन शब्दावरून आलेला. गोरा आणि न्याय्य हे दुसऱ्या ढिगात, मूळ अर्थ ‘सुंदर’. मग प्रत्येक अर्थ जोडशब्दातच लिहा: व्हिलेज फेअर, फेअर स्किन, फेअर प्राइस शॉप. शेवटचा रेशन दुकानाच्या पाटीवर रोज दिसतो. ग्रॅमसाठी बेसनाचं पाकीट पुरे. ‘ग्रॅम फ्लोअर’मधला ग्रॅम पोर्तुगीज, धान्याचा दाणा, खाली ५०० पुढे छापलेला ग्रॅम ग्रीकमधून फ्रेंचमार्गे आलेला.

टक्कर एकाच प्रसंगात होऊ लागली, तर भाषा एकाला हाकलते. नैर्ऋत्य फ्रान्सच्या काही भागात ध्वनिबदलामुळे कोंबडा आणि मांजर दोघांनाही ‘गात’ म्हणायची पाळी आली. एकाच अंगणात दोघे, म्हटल्यावर लोकांनी कोंबड्याला दुसरी नावं दिली. इंग्रजीत ‘लेट’चे दोन अर्थ होते, होऊ देणे आणि अडवणे, म्हणजे थेट उलटे. अडवणारा जवळपास गेला. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतो तिथे, आणि आपल्या पासपोर्टच्या आतल्या ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ या ओळीत तो उरला आहे.

क्रियापद असेल तर भूतकाळ तपासायची सवय लावा, तिथे जोडी लगेच फुटते. लाय म्हणजे आडवं होणं, त्याचा भूतकाळ ले. लाय म्हणजे खोटं बोलणं, त्याचा लाइड. घंटेच्या रिंगचा रँग, वेढा घालण्याच्या रिंगचा रिंग्ड. आणि लेड (शिसं) व लीड (पुढे नेणं) यांसारख्या, स्पेलिंग एक पण उच्चार दोन असलेल्या शब्दांची वेगळी पानं ठेवून ती मोठ्याने वाचून घ्या. नुसतं डोळ्यांनी वाचलं तर तिथे हमखास गोंधळ होतो.