जुन्या चेतकचं हँडल लॉक जाम झालंय. दुरुस्त होतं का, की नवीनच टाकावं लागेल?

प्रश्नकर्त्यांनी खाली तपशील दिलाय: आजोबांची १९८४ ची 'विंटेज' चेतक, चावी आत जाते, अर्धी फिरते आणि अडकते. मेकॅनिक म्हणतो, लॉक तोडून टाकू, साखळी लावा.

आधी मेकॅनिक बदला. आणि विंटेज म्हणायची घाई करू नका. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, तुमची अजून जुनी स्कूटरच आहे.

एरवी मी असल्या प्रश्नांच्या वाटेला जात नाही, पण 'लॉक तोडून टाकू' हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात या वाक्यावरून जे वाजलंय, ते अजून मिटलेलं नाही.

आम्ही साताऱ्याचे. प्रिया स्कूटर आमच्याच गावात बनायची, महाराष्ट्र स्कूटर्समध्ये. तरी आमच्या आबांना आकुर्डीची चेतकच हवी होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. गाडी आली तेव्हा आबांनी एक चावी करदोट्याला बांधली आणि दुसरी फडताळात ठेवून दिली, ती कुणी वापरायचीच नाही. लोक हसायचे. पण त्या चेतकला इग्निशनची चावी नव्हती हे लक्षात घ्या. इंजिन बंद करायला हँडलवर बटण, सुरू करायला किक. म्हणजे हँडल लॉक लावलं नसेल तर रस्त्यावरचा कुणीही किक मारून गाडी घेऊन जाऊ शकत होता. पुढच्या मॉडेलांत चावी आली, ती गोष्ट वेगळी.

एका भाऊबीजेला ताई आणि दाजी आले. संध्याकाळी दाजी गाडी घेऊन मंडईत गेले, परत आले आणि ओट्याच्या पायरीला पुढचं चाक दाबून, हँडल पूर्ण वळवून लॉक केलं. सकाळी चावी फिरेना. दाजींनी काय करावं? डिकीतली टू-टी ऑइलची, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाची, बाटली काढली आणि चावीच्या भोकात ओतली. तरी फिरेना, मग पक्कड. कट् आवाज झाला आणि चावीचं डोकं पकडीत, उरलेली चावी लॉकमध्ये. वर कपाळावर आठी घालून निकाल दिला, "लॉकच गेलेलं आहे, जुनं झालंय. छिन्नी आण." आबा काही बोलले नाहीत, जावई ना. मी छिन्नी आणली नाही.

आता झालं काय होतं ते सांगतो, कारण तुमचंही बहुधा हेच असणार. लॉक केलं की लॉकच्या सिलेंडरमागची (सिलेंडर म्हणजे चावीबरोबर फिरणारा गोल भाग, इंजिनातला नव्हे) खिट्टी पुढे सरकते आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, दांड्यावरच्या खाचेत बसते. चाक कशाला तरी दाबून उभं असेल तर फोर्क वळायला बघतो, खाचेची कड खिट्टीवर रेटून बसते आणि खिट्टी मागे येत नाही. तुम्ही चावीवर जोर लावता, पण अडकलेली असते खिट्टी. लॉक ठणठणीत असतं. उपाय एवढाच: गाडी मोकळ्या जागेत ओढा, डाव्या हाताने हँडल दोन्हीकडे किंचित हलवत राहा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी चावी फिरवा. दोन बोटांनीच. मूठ लावली की चावी पिळते.

मी तेच केलं. गाडी मागे ओढली, हँडल सैल केलं, बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतला तुकडा सरळ रेषेत आणला, कारण आडवा असताना तो जन्मात बाहेर येत नाही. मग आळीतल्या सोनाराकडून त्याच्या बारीक करवतीचं पातं आणलं. दाते बाहेरच्या बाजूला ठेवून ते चावीच्या कडेने आत सारलं, दाते तुकड्यात रुतवले आणि हळू ओढलं. तुकडा आला. फडताळातली चावी लावली, लॉक उघडलं.

दुसऱ्या दिवशी झाकणाची रिव्हेट काढून सिलेंडर बाहेर घेतला. आत पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीला केसाएवढी स्प्रिंग. चावी घातली की सगळ्या पत्त्या एका पातळीत यायला हव्यात, तरच सिलेंडर फिरतो. आमच्या पत्त्या काळ्या चिकट राबडीत बसल्या होत्या: जुनी धूळ आणि वर दाजींचं टू-टी. रॉकेलमध्ये धुतल्या, उन्हात वाळवल्या, पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड आत सोडली. शिसं कोरडं असतं, धूळ धरत नाही. लॉकमध्ये तेल घालणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही, मग तो कुणाचाही नवरा असो.

तेच लॉक, तेच सिलेंडर आजही गाडीवर आहे. दाजी अजूनही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की त्यांनी तेल घातलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी सुटलं. ताई त्यांच्या बाजूने.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, हँडल हलवून लॉक उघडलं तर नवीन काही टाकू नका, साफ करा. उघडूनही चावी अडखळत असेल तर चावी झिजलीय. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट करू नका, झीजही तशीच्या तशी उतरते. न वापरलेली दुसरी चावी शोधा, नाहीतर चावीवाल्याला सिलेंडर काढून द्या, तो पत्त्यांवरून कापेल. चांगला चावीवाला आरसी बुक मागतो, राग मानू नका.

पत्त्या किंवा खिट्टीच झिजली असेल तर मात्र नवीन टाकावं लागेल. जुना सिलेंडर खिशात घालून दुकानात जा. व्हेस्पाच्या लॉकांत सिलेंडरच्या अंगावरची पट्टी ४ आणि ६ मिलिमीटर अशी दोन मापांची येते, आणि चेतक त्याच घराण्यातली, त्यामुळे मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवून घेऊ नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: सिलेंडर परत बसवल्यावर गाडी लगेच रस्त्यावर काढू नका. लॉक उघडं ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि कान द्या. कुठे घासल्याचा आवाज आला तर खिट्टी पूर्ण मागे आलेली नाही, आणि ती चालत्या गाडीत खाचेत बसली तर वळणावर हँडल तिथेच धरेल. तसं असेल तर सिलेंडर खिट्टीसकट बाहेर काढून ठेवा आणि तोवर साखळी लावा. एवढ्यापुरतं तुमच्या मेकॅनिकचं बरोबर.