"मॅडम, मी ना धड बॉटनीची राहिले ना धड कॉम्प्युटरची"

कॉलेजं सुरू झाली की जळगावात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पोरांकडून हे वाक्य दरवर्षी येतं. जेनेटिक्सच्या आंतरशाखीय एमएस्सी-पीएचडीला लागलेली पोरं, वर्गात कुणी स्टॅटिस्टिक्सचं, कुणी बीटेक, कुणी व्हेटर्नरीचं, आणि प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना सगळं येतं, आपणच चुकून आत शिरलोय.

रावेरकडची एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय), बीएस्सी बॉटनीत पहिली, वडलांची केळीची बाग. कोडिंगच्या तासाला हात थरथरायचे. "सोडून बीएड करते," म्हणाली. मी विचार तपासणारी बाई, बालपण खणत बसत नाही. विचारलं, सगळं यायलाच हवं हा नियम कुणी केला? पहिल्या दोन भेटींत उत्तर नुसतं रडणं.

तिसऱ्यांदा सहज विचारलं, बाई गं, तुमच्या जी-नाईन जातीच्या केळीला बी का नसतं? तिनं माझं पॅड ओढलं, अकरा-अकरा रेघांच्या तीन ओळी काढल्या. "३३ क्रोमोसोम, तीन संच. मायोसिसमध्ये, म्हणजे बीजपेशी बनताना पेशी विभागते तेव्हा, दोघांची जोडी लागते, तिसरा लोंबकळतो, म्हणून बी धरत नाही. बाग बुंध्याशी फुटलेल्या पिलापासून नाहीतर टिश्यू कल्चरनं, म्हणजे सगळी झाडं एकमेकांची कॉपी. एकाला मर रोग लागला की सगळ्यांचीच भीती, ग्रॉस मिशेल जात १९५० च्या दशकात अशीच बाजारातून गेली." मग पेन थांबलं. "पण कुठला जीन झाडाला वाचवतो हे शोधायचं तर डेटा एवढा असतो की... त्याला तो स्टॅट्सवालाच लागेल."

मी गप्प राहिले. (गप्प राहणं शिकायला मला बरीच वर्षं लागली, ते फुकट येत नाही.)

प्रश्न तिचा होता, हत्यार दुसऱ्याचं. १९५३ ला डीएनएचा आकार सापडला तेव्हा वॉटसन प्राणीशास्त्रातला, क्रिक फिजिक्सचा, आणि ज्यांच्या एक्स-रे फोटोचा आधार होता त्या रोझालिंड फ्रँकलिन केमिस्ट्रीच्या. एकट्याला सगळं येत होतं असं तिथंही नव्हतं.

म्हणून सांगते, पहिल्या सेमिस्टरला एकच कच्चा विषय धरा, सगळे एकदम नको. वर्गातल्या एकाशी अदलाबदल करा, तुम्ही मायोसिस शिकवा, त्यानं आर ही स्टॅटिस्टिक्सची कोडिंगची भाषा शिकवावी. आणि गाइडला दुसऱ्याच महिन्यात सांगा की मला हे येत नाही, पाचव्या महिन्यात सांगितलं तर तो चिडतो, त्याचंही चूक नसतं.

तिचा प्रोग्रॅम अजून अडकतोच. पण तो स्टॅट्सवाला दिवाळीत बाग बघायला येणार आहे म्हणे, त्यानं केळीचं कमळ, म्हणजे केळफूल, कधी पाहिलंच नाहीये.