शिखरावरचं पाखरू आणि बाजारात सोडलेली पोरं

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात राहते. तिथल्या जुन्या बाजारचौकात चर्चच्या टोकावर एक पक्षी आहे. ‘त्याच्याकडे बघत राहिलं की पोर हरवतं,’ असं शेजारीण तिला म्हणाली. हे काय आहे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पोर हरवायचं नाही, सोडलं जायचं. तो गरुड आहे, संत योहानाचं चिन्ह. वारा येईल तसा फिरतो, पण तिथले लोक त्याला पाखरूच म्हणतात. सांगतात ते असं : आरागॉनच्या कोरड्या मुलखातले गरीब बाप पोराला या बाजारात आणायचे, ‘ते पाखरू बघ’ म्हणायचे आणि पोराची मान वर गेली की गर्दीत निघून जायचे. रडणाऱ्या पोराला कुणी दुकानदार कामाला ठेवून घ्यायचा. झाडलोट करत ते मोठं व्हायचं. एखादं पुढं दुकानाचं मालकही व्हायचं.

चौक फार जुना. १२३८ मध्ये राजा पहिला जाउमे यानं शहर घेतलं तेव्हा ही जागा तटाबाहेर होती. १३५६ चा नवा तट झाला तेव्हा आत आली. चर्चसमोरची लोंजा, म्हणजे रेशमाच्या सौद्यांची दगडी वास्तू, १४८२ ते १५३३ या काळात बांधली. पिळाच्या खांबांच्या तिच्या दालनात भिंतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय की, जो व्यापारी जिभेनं फसवत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, त्याला धनही मिळेल आणि स्वर्गही.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. जत तालुक्यातून वडील मला सांगलीला घेऊन आले आणि गणपती पेठेत एका हळदीच्या आडतीसमोर थांबले. ‘गणपतीला पाया पडून ये, मी हितंच हाय.’ परत आलो तर ते नव्हते. शेठनी काही न विचारता मला पोत्यावर बसवलं, भाकरी दिली. पुढं त्याच आडतीत मी दिवाणजी झालो. दिवाळीला वडील आले, तेव्हा माझे पिवळे हात बघून पायरीवरच बसून राहिले. घरी आम्ही पाच भावंडं होतो आणि विहीर आटलेली. म्हणून त्या पाखराच्या गोष्टीतल्या बापांना कुणी निर्दय म्हटलं की मला सहन होत नाही.

मुलीला चौकात सकाळीच जायला सांगा. शेजारची १९२८ ची मंडई दुपारी तीनला बंद होते, आणि रविवारी उघडत नाही.