बहावा पाण्यावर फुलत नाही

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून बहावा आणून अंगणात लावला. गुलाबाच्या वाफ्याशेजारीच आहे, त्यामुळे ठिबक दोघांना एकच, युरियाही मिळतो. झाड छतापर्यंत गेलं, पण फूल नाही. आमच्या रस्त्याकडेच्या बहाव्याला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, तो एप्रिलमध्ये पिवळाधम्मक! शिवाय पावसाळ्यात हिरव्या अळ्या पानं फस्त करतात. कोणतं औषध मारू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, रस्त्याकडेच्या बहाव्याला पाणी घालणारं कुणी नाही, हेच त्याचं भाग्य. हे पानगळीच्या रानातलं झाड. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळायची आणि मग घोस सोडायचे, ही त्याची रीत. तुमच्या झाडाला बारमाही ओल आणि वर युरिया, म्हणजे पानं वाढवण्याचाच हुकूम! तो युरिया आधी बंद करा. ठिबकची नळी वळवून गुलाबापुरती ठेवा. दिवाळीनंतर बहाव्याला पाणीच नको. आपली काळी जमीन पावसाची ओल बराच काळ धरून ठेवते आणि सहा वर्षांच्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात. मार्चमध्ये झाड उघडं पडेल, ते पाहून घाबरून बादल्या ओतू नका. पावसाळ्यात मात्र बुंध्याशी पाणी तुंबत असेल, तर चर काढून द्या.

बियांपासूनचं झाड फुलायला सहा-आठ वर्षं सहज घेतं, म्हणून येत्या उन्हाळ्यात दोन-चारच घोस आले तरी हिरमुसू नका. छाटणी करायचीच तर फुलं ओसरल्यावर. मी तर हातच लावत नाही, आडव्यातिडव्या फांद्यांवरूनच घोस छान लोंबतात.

अळ्यांवर काही मारू नका. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळसर फुलपाखरं अंडी घालतात, त्यांचीच ही पिल्लं. एवढ्या मोठ्या झाडाला ती जड नाहीत, पालवी पुन्हा फुटते.

आणि ठिबकजवळ फुलझाड हवंच असेल, तर ताम्हण लावा. आपलं राज्यफूल. मूळचं ओढ्या-नद्यांच्या काठचं, त्याला पाणी मानवतं. बोडक्या माळावर मात्र ते लावून हाल करू नयेत.

प्रश्न : बहाव्याच्या शेंगा फोडून बी लावलं, महिना झाला तरी उगवलं नाही.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. बी एका बाजूने शहाबादी फरशीच्या खडबडीत अंगावर घासा, आतला फिकट रंग दिसला की थांबा. रात्रभर भिजवा. सकाळी टम्म फुगलेलं तेवढंच पेरा, न फुगलेलं परत घासा. सोटमूळ लांब जातं, म्हणून पिशवी उंच घ्या आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच रोप जमिनीत लावून टाका. शेंगेतला काळा गर रेचक असतो, पोरांना तो चाटू देऊ नका.